खोर्रमशहर सुटलं, पण युद्ध थांबलं नाही

इराणच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात खोर्रमशहर नावाचं बंदर आहे. १९७६ च्या जनगणनेत तिथे जवळपास दीड लाख लोकवस्ती होती. १९८६ च्या जनगणनेत तिथल्या लोकसंख्येचा आकडा होता शून्य.

हा आकडा छपाईत चुकलेला नाही. मोजायला माणूसच उरला नव्हता.

शेजारी देशांत युद्ध पेटलं की ते कोणी सुरू केलं यावर आपण तावातावाने भांडतो. भांडावंही, आक्रमण कोणी केलं याचा हिशेब झालाच पाहिजे. पण दुसरा एक प्रश्न कायम मागे पडतो. ते थांबवायची संधी कधी आली होती, आणि ती का गेली? इराण-इराक युद्धाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नासाठी वाचायला हवा.

आधी भांडण काय होतं ते बघू. तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येऊन समुद्राकडे जातात, त्या नदीला इराकी म्हणतात शत्त अल-अरब, इराणी म्हणतात अर्वंद रूद. नावावरही एकमत नाही! समुद्राजवळच्या पट्ट्यात ही नदीच दोन देशांची सीमा आहे. १९३७ च्या करारानुसार सीमा बहुतेक ठिकाणी इराणच्या काठाला लागून होती, म्हणजे पाणी जवळजवळ सगळं इराकचं. मार्च १९७५ मध्ये अल्जीयर्सला नवा करार झाला आणि सीमा नदीच्या सर्वांत खोल प्रवाहाच्या मध्यातून ठरली. त्या बदल्यात इराणच्या शाहने इराकमधल्या बंडखोर कुर्दांची मदत बंद केली. इराकच्या बाजूने सही करणारा माणूस होता तेव्हाचा उपाध्यक्ष सद्दाम हुसेन.

पुढे १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली. शाह गेला, खोमेनी आले, सैन्यातले वरचे अधिकारी कोणी फासावर गेले, कोणी पळाले. खोमेनींचे अनुयायी इराकातल्या शियांना सद्दामविरुद्ध उठायची हाक देत होते. सद्दामला भीतीही वाटली आणि संधीही दिसली. १७ सप्टेंबर १९८० ला त्याने अल्जीयर्स करार रद्द केला आणि २२ सप्टेंबरला इराणवर हल्ला चढवला. थोडक्यात आटोपेल असा त्याचा हिशेब होता. सीमेलगतच्या खुझेस्तान प्रांतात अरबी बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, ते आपलं स्वागत करतील असंही त्याला वाटलं. बहुतेकांनी केलं नाही. खोर्रमशहरमध्ये तर गल्लीगल्लीत लढाई झाली. महिन्याभराने शहर पडलं, तोवर लोक त्याला खूनीनशहर, म्हणजे रक्ताचं शहर, म्हणू लागले होते.

इथपर्यंत न्याय कोणाच्या बाजूला होता यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनीही आक्रमण इराकचं होतं हे अहवालात लिहिलं. कधी? डिसेंबर १९९१ मध्ये. आणि युद्ध सुरू झालं तेव्हा, सप्टेंबर १९८० मध्ये, सुरक्षा परिषदेने जो ठराव केला त्यात दोघांनी लढाई थांबवावी एवढंच होतं. इराकने इराणच्या भूमीतून मागे जावं, हे शब्द त्यात नव्हतेच. इराणी माणसाच्या मनात जगाबद्दल जी अढी बसली ती उगाच नाही.

आता तो दिवस. २४ मे १९८२. इराणने खोर्रमशहर परत जिंकलं. हजारो इराकी सैनिक शरण आले. इराणभर लोक रस्त्यावर उतरले, मिठाई वाटली गेली, आणि आजही तिथे हा दिवस साजरा होतो. पुढच्या महिन्यात सद्दामने इराणमधून फौजा काढून घेत असल्याचं जाहीर केलं. तो युद्धबंदीला तयार होता. इराणची जवळपास सगळी भूमी परत मिळाली होती, आक्रमकाचं नाक कापलं गेलं होतं.

तेहरानमध्ये तेव्हा खल झाला. सीमेवर थांबायचं की पलीकडे जायचं? पलीकडे जायच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नव्हता. सद्दामवर विश्वास कसा ठेवायचा? तो दम खाऊन पुन्हा येईल. आक्रमकाला शिक्षा नको? नुकसानभरपाई नको? शेवटी पलीकडे जायचं ठरलं. १२ जुलै १९८२ ला सुरक्षा परिषदेने नवा ठराव केला, त्यात मात्र दोन्ही फौजांनी आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत मागे जावं असं लिहिलं होतं. म्हणजे परिषदेला सीमा आठवली ती इराण ओलांडायला निघाला तेव्हा. दुसऱ्याच दिवशी इराणी फौजा बसऱ्याच्या दिशेने घुसल्या. कर्बलामार्गे जेरुसलेमला जायचं, अशी घोषणा होती.

इथून पुढे सहा वर्षं युद्ध चाललं.

या सहा वर्षांत काय झालं? इराणात शाळकरी पोरं आणि म्हातारी माणसं स्वयंसेवक म्हणून आघाडीवर गेली, सुरुंग पेरलेल्या मैदानातून लाटांसारखी पुढे सोडली गेली. इराकने १९८३ पासून मस्टर्ड वायू वापरायला सुरुवात केली आणि पुढे त्यात मज्जासंस्था बंद पाडणाऱ्या विषांची भर घातली. १९८४ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी रासायनिक अस्त्रांच्या वापराची खात्री केली होती. काही फरक पडला नाही. २८ जून १९८७ ला इराणमधल्या सरदश्त या कुर्द गावावर वायूचे बॉम्ब पडले. १६ मार्च १९८८ ला इराकच्याच हलबजा या कुर्द शहरावर पडले, तिथे पाच हजारांपर्यंत माणसं मेली असं मानलं जातं. सद्दामने ही माणसं स्वतःच्याच देशातली मारली. मस्टर्ड वायूतून वाचलेल्यांची फुप्फुसं आणि डोळे पुढे कित्येक वर्षं कुरतडले जात राहिले.

आणि हे विष आलं कुठून? कच्चा माल बराचसा युरोपातून. नेदरलँड्समधल्या एका व्यापाऱ्याला त्याबद्दल २००५ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली, बाकीचे बहुतेक सुटले. शस्त्रांचाही धंदा जोरात होता. सोव्हिएत युनियन आणि फ्रान्स इराकला विकत होते. चीन दोघांनाही विकत होता. अमेरिका इराकला गुप्त माहिती पुरवत होती आणि त्याच काळात चोरून इराणलाही क्षेपणास्त्रं विकत होती. शेजारी भांडतात तेव्हा लांबच्या दुकानदाराला युद्ध संपायची घाई नसते.

माणसांचं माणसांशी नातं किती सडलं, याचं एकच उदाहरण देतो. इराकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, पण मुळात इराणी ठरवलेल्या कुटुंबांचं नागरिकत्व १९८० मध्ये काढून घेतलं गेलं. हजारोंना ट्रकमध्ये घालून सीमेवर सोडलं. पुढच्या वर्षी आणखी एक आदेश निघाला. इराणी वंशाच्या बायकोला तलाक द्या आणि सरकारकडून पैसे घ्या. सैनिक असाल तर चार हजार दिनार, साधे नागरिक असाल तर अडीच हजार. दर ठरलेला होता. बॉम्ब सीमेवर पडत होते, पण युद्ध असं घरातल्या माजघरापर्यंत आलं होतं.

३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विनसेन्स या युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं. मेलेल्यांत दहा भारतीय होते. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्याही घरी निरोप गेले.

दोन आठवड्यांनी इराणने युद्धबंदी मान्य केली. हा निर्णय आपल्यासाठी विषाचा प्याला पिण्यासारखा आहे, असं खोमेनी म्हणाले. २० ऑगस्ट १९८८ ला तोफा थांबल्या. दोन्हीकडचे मिळून मृत पाच लाखांच्या आसपास धरले जातात, काही अंदाज त्याहून बरेच वर जातात. सीमा? जिथे होती तिथेच.

पुढचं ऐकलं तर डोकं सुन्न होतं. कर्जात बुडालेल्या सद्दामने २ ऑगस्ट १९९० ला कुवेत गिळला. आता इराणची बाजू शांत हवी होती, म्हणून दोनच आठवड्यांत त्याने १९७५ चा अल्जीयर्स करार पुन्हा मान्य केला. ज्या करारासाठी आठ वर्षं माणसं मारली, तोच करार एका पत्रात परत दिला.

कैदी तरी लगेच घरी गेले का? हजारो गेले, सगळे नाही. युद्ध रीतसर सुरू व्हायच्या काही दिवस आधी पकडले गेलेले इराणी वैमानिक हुसेन लश्गरी १९९८ मध्ये सुटले. अठरा वर्षांनी! कैद्यांची शेवटची मोठी अदलाबदल व्हायला २००३ उजाडलं. खोर्रमशहरजवळच्या शलमचे नाक्यावरून दोन्ही देशांच्या सैनिकांच्या अस्थींच्या पेट्या तर त्यानंतरही इकडून तिकडे जात राहिल्या.

१९८२ मध्ये इराण थांबला असता तर सद्दाम सुधारला असता, असं मी म्हणत नाही. तो सुधारणारा नव्हता. पण सीमा राखत उभं राहणं वेगळं आणि शत्रूची राजवट पाडेपर्यंत लढणं वेगळं. पहिल्यासाठी लढणाऱ्याच्या बाजूला न्याय होता. दुसऱ्यासाठी पोरं पाठवताना तोच न्याय भांडवल म्हणून वापरला गेला. क्रांतीनंतरचे इराणचे पहिले पंतप्रधान मेहदी बाझरगान आणि त्यांचा पक्ष हे युद्ध लांबवण्याच्या विरोधात बोलत राहिले. त्यांना घाबरट आणि देशविरोधी ठरवण्यात आलं. शब्द ओळखीचे वाटतील.

हरताना थांबणं सोपं असतं, कारण पर्याय उरत नाही. जिंकताना थांबायला सांगणारा माणूस मात्र कोणालाच नको असतो. म्हणून टीव्हीवर कोणी आरपारची भाषा करू लागला की त्याला एवढंच विचारा: आपलं काय परत मिळालं की तुम्ही थांबाल? त्याच्याकडे नेमकं उत्तर नसेल, तर आपली पोरं नेमकी कशासाठी मागितली जात आहेत हे त्यालाही माहीत नाही.