परदेशातलं मराठी घर आणि घरातला परका

बावड्यात बसून अमेरिकेतल्या समलिंगी माणसांबद्दल बोलायचं, म्हणजे म्हातारा भरकटला असं कुणी म्हणेल. पण इंदापूर-बारामतीकडची किती मुलं पुण्याला शिकली आणि पुढे परदेशी राहिली, हे तुम्हीच आम्हाला सांगाल. त्यांच्यात काही समलिंगी असणारच. त्यांना आपलं घर कोणतं, हा आजचा प्रश्न.

१९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला. देशवार कोटे गेले आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मोकळी झाली. मागाहून बायकामुलं, भावंडं गेली. मंडळं निघाली, गणपती बसले, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. हे आपण कौतुकाने सांगतो. जे सांगत नाही ते असं, की याच कायद्यात प्रवेश नाकारण्याचं एक कारण म्हणून ‘लैंगिक विकृती’ हे शब्द घातले गेले. त्यांचा रोख समलिंगी माणसांवर होता.

क्लाइव्ह बुटिलिए नावाचा तरुण कॅनडातून आला होता. आई, भावंडं अमेरिकेतच होती. त्याने नागरिकत्व मागितलं, चौकशीत खरं सांगितलं, आणि १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची हकालपट्टी योग्य ठरवली. (त्याचं प्रकरण जुन्या कायद्याखालचं होतं, पण नवा कायदा तर अधिकच स्पष्ट होता.) ही बंदी उठली १९९० च्या कायद्याने. कुटुंबं जोडणारा कायदा, पण एकाने खरं सांगितलं की तोच कुटुंब तोडायचा!

आपल्याकडेही निराळं नव्हतं. ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं ते ६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने काढलं. तेव्हा ‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. समलिंगी माणसं आपल्याकडे होतीच. विलायतेतून आली ती शिक्षा.

पण घर म्हणजे केवळ कायदा नव्हे. परदेशी गेलेलं कुटुंब ज्या साली गाव सोडतं, त्या सालचं गाव सोबत नेतं. इथलं गाव बदलतं, तिथलं तसंच राहतं. मग मुलाने मनातलं सांगितलं, की आई म्हणते, ‘अमेरिकेत येऊन बिघडलास.’ म्हणजे समलिंगी असणं आणि मराठी असणं यांतून एक निवड. टेक्सासच्या सीमेवर वाढलेल्या, मेक्सिकन वंशाच्या ग्लोरिया अन्झाल्दुआ यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात हाच पेच मांडला आहे. ज्या घराने भाषा दिली, त्याच घराची भीती वाटते.

मराठीत हा पेच सोडवायचा मोठा प्रयत्न बिंदुमाधव खिरे यांनी केला. ते अमेरिकेत संगणक क्षेत्रात होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९८६ पासून ‘त्रिकोण’ ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था होती. तिथे त्यांना आपली माणसं भेटली. पण ते परत आले. २००२ मध्ये पुण्यात त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत पुस्तकं लिहिली. जे सांगायचं ते आईला कळेल अशा भाषेत सांगायचं, हे त्यांच्या कामाचं मोल आम्हाला फार वाटतं.

आता आमची चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी परदेशी जाण्यापूर्वी हेच सांगायला आला होता. आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, त्याला म्हणालो, ‘लग्न कर, होईल सगळं ठीक.’ तो नमस्कार करून गेला. पत्र आलं नाही. त्याच्या आईला आम्ही नेहमी भेटतो. ती म्हणते, ‘येतच नाही हो तो.’ तिला काय सांगावं, ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.

इथून जवळच नीरा नरसिंहपूर आहे. परदेशातली कितीतरी मुलं लग्नानंतर जोडीनं कुलदैवताला येतात. नरसिंहाने दैत्याचा वध कुठे केला? ना घरात, ना बाहेर, उंबरठ्यावर. ना नर, ना पशू. ज्यांच्या कुळाचा देवच ठरीव कप्प्यांत मावत नाही, त्यांनी आपल्या लेकराला ‘तू कशातच बसत नाहीस’ म्हणून बाहेर ठेवावं?

कायद्याने विवाहाचा हक्क अजून दिलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तो संसदेवर सोपवला. पण ‘ये, जेवायला बस’ म्हणायला संसद लागत नाही. तेवढं आपल्या हातात आहे.