सायकलला जोडलेल्या मोटरचं कूळ

धामणगाव रेल्वेच्या आसपास सायकल आजही कामाची वस्तू आहे. मंगरूळ दस्तगीर, तळेगाव दशासर अशा गावांत वावर घरापासून लांब असतं, पांदण काळ्या मातीची असते, आणि परतताना कॅरिअरवर चाऱ्याचा भारा किंवा डवरणीच्या हंगामात खताची थैली असते. गुडघे कुरकुरू लागले की माणूस सायकल विकत नाही. हिला मोटर बसते का, असं विचारतो. बसते. बाजारात किट मिळतं, त्यात मोटर भरलेलं चाक, कंट्रोलर, थ्रॉटल, बॅटरी आणि चार्जर असतो, आणि ते बसवायला एक दुपार पुरते. अवघड प्रश्न पुढचा आहे: टिकेल कोणतं? त्याचं उत्तर शोधायला या वस्तूचं कूळ पाहावं लागतं, कारण ती दिसते नवी आणि आहे फार जुनी.

३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांना विजेच्या सायकलचं पेटंट मिळालं. मुंबईची आगगाडी धामणगाववरून नागपूरपर्यंत जाऊ लागून तेव्हा २८ वर्षं झाली होती. बोल्टन यांनी मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवली होती आणि बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात टांगली होती. आज खोक्यातून निघणाऱ्या किटची मांडणी हीच आहे. दोन वर्षांनी बोस्टनच्या होझिया लिबी यांनी मोटर पायडलच्या आसाशी नेली, आणि १८९९ साली जॉन श्नेफ यांनी मागच्या टायरला घासून फिरणाऱ्या रोलरचं पेटंट घेतलं. चाकात, पायडलपाशी किंवा टायरवर, या तीनच जागा आहेत. शतक पालटायच्या आत तिन्ही सापडल्या होत्या, आणि त्यानंतर चौथी जागा कोणी फारशी यशस्वी केलेली नाही.

मग त्या सायकली तेव्हाच रस्त्यावर का दिसल्या नाहीत? बोल्टन यांच्या मोटरला १० व्होल्टवर १०० अँपिअरपर्यंत प्रवाह लागायचा. एवढा प्रवाह वाहायला तारा जाड हव्यात, मोटरमधले ब्रश झिजणार, आणि तो पुरवणारी शिशाची बॅटरी सायकलस्वाराला पेलणार नाही इतकी जड. कल्पना बरोबर होती, पण तिला साथ देणारं सामान निघालेलं नव्हतं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं त्यामुळे पेट्रोलच्या इंजिनाकडे गेली.

या पेट्रोलच्या काळातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट जपानच्या हामामात्सू शहरातली आहे. युद्धानंतर १९४६ साली तिथे सोइचिरो होंडा यांच्या हाती लष्कराच्या वायरलेस संचाची वीज बनवणारी छोटी इंजिनं आली. लष्कराला ती आता नको होती. गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पेट्रोल रेशनवर होतं, आणि लोक सायकलवर धान्य शोधत खेडी पालथी घालत होते. होंडांनी ते इंजिन सायकलला बसवलं आणि पेट्रोलच्या टाकीसाठी घरातली गरम पाण्याने शेकायची बाटली वापरली. पहिली सायकल चालवून पाहिली ती त्यांच्या पत्नी साची यांनी. ती जुनी इंजिनं संपली, तेव्हा त्यांनी स्वतःचं इंजिन बनवलं. १९५२ साली ‘कब’ नावाचं इंजिन निघालं: पांढरी टाकी, लाल इंजिन, मागच्या चाकाच्या बाजूला जोडायचं, खोक्यात भरून पाठवता येणारं. खऱ्या अर्थाने ते किटच होतं.

ते विकायचं कसं, हे होंडांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी ठरवलं. त्यांनी मोटारसायकलच्या दुकानांकडे पाहिलं नाही. देशभरच्या पन्नास हजारांवर सायकल दुकानदारांना त्यांनी पत्रं लिहिली. ज्याला साखळी कळते, रिमचा आउट काढता येतो, ज्याच्याकडे गिऱ्हाईक रोज पंक्चर घेऊन येतं, त्याच्याच हाती इंजिन दिलं. बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा माणूस त्याच गावात होता. विश्वासार्हता कारखान्यात जितकी घडते तितकीच, कदाचित जास्तच, ती दुकानात घडते, असं मी मानतो. या कुळातली जी जी शाखा फळाला आली तिच्यामागे गावातला मिस्त्री उभा दिसतो.

युरोपातही त्याच सुमारास हा वंश फोफावला. फ्रान्सच्या सोलेक्सने १९४६ पासून पुढच्या टायरवर रोलर घासून सायकल चालवली. ब्रिटनमध्ये १९५० साली सायकलमास्टर आलं: सायकलचं मागचं चाक काढायचं आणि इंजिन भरलेलं दुसरं चाक बसवायचं. रोलरला पावसाची अडचण होती, कारण ओल्या टायरवर तो घसरतो, आणि कोरड्या टायरला खात राहतो. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात रोलरचं काय होईल, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे हे कूळ लुनाच्या रूपाने आलं. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली. त्यामागे होते हस्तीमल फिरोदिया, मूळचे अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर), आणि कारखानाही त्याच शहरात होता. मूळ नमुना इटलीच्या पिआज्जिओ कंपनीची १९६७ सालची ‘चाओ’ ही मोपेड. ५० सीसीचं इंजिन, बारीक चाकं आणि सायकलसारखी पायडलं. पायडल मारून चालू करायची, आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारतच घरी यायचं.

लुनाने वऱ्हाडात काय केलं याची नोंद कोणत्याही कंपनीच्या इतिहासात सापडणार नाही, पण ज्याने पाहिलं त्याला ते विसरता येत नाही. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले, बाजारात भाजी नेणारे, शेताला पाहायला जाणारे म्हातारे, सगळ्यांच्या बुडाखाली ती आली. घोड्यासारखी देखणी नव्हती, पण मिस्त्रीला ती उघडता येत होती. कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग बदलणं, क्लच घट्ट करणं ही कामं सायकल दुकानाच्या ओट्यावर होत. सुटे भाग तालुक्याला मिळत. शतक पालटताना तिचं उत्पादन थांबलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ‘ई-लुना’ आणली, पण तिला पायडल नाहीत. सायकलची नाळ तिथे तुटली, याचं मला वाईट वाटतं.

बोल्टन यांची मांडणी दरम्यान परत आली होती. १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक निघाले, म्हणजे लहान जागेत मोठी ओढ बसली. पाठोपाठ ब्रश नसलेल्या मोटरी स्वस्त झाल्या, ज्यांत कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीत प्रवाह सोडायचा ते कंट्रोलर ठरवतो आणि झिजायला ब्रशच उरत नाही. १९९३ साली यामाहाने पायडलवरचा जोर मोजून तेवढीच साथ देणारी सायकल विकायला काढली. लिथियम बॅटरी आल्यावर वजनाचाही प्रश्न सुटला. ३६ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटऱ्यांचा संच बारा किलोच्या आसपास जातो. तेवढ्याच ताकदीची लिथियम बॅटरी तीन किलोच्या घरात बसते.

आता वावराकडे जायला किट घ्यायचं झालं तर कायदा आधी पाहावा. भारतात २५० वॉटपेक्षा कमी ताकदीचं आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचं विजेचं वाहन, मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं असेल तर, मोटार वाहन धरलं जात नाही. अशी तपासणी पुण्याची एआरएआय संस्था करते. पेट्रोलच्या बाबतीत सूट फक्त २५ सीसीपर्यंत आहे. ‘८० सीसी’ म्हणून खोक्यात मिळणारं दोन-स्ट्रोक इंजिन बसवलेली सायकल त्यामुळे कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि तिची नोंदणी घरगुती जोडकामाला मिळणं अवघड आहे. शिवाय त्याचा कंप साध्या फ्रेमला सोसवत नाही. पेट्रोलचं किट इकडे कोणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेच्या किटमध्ये मी वॉटच्या आकड्याआधी हबची जात विचारतो. गिअर असलेल्या हबमध्ये नायलॉनचे दाते असतात. तो हलका असतो आणि चढावर चांगला जोर देतो, पण विदर्भातला मे ४५ अंशांच्या वर जातो, आणि ओझ्यासह सतत चढ चढताना ते दाते तापून झिजतात. बिनगिअरचा हब पाच-सहा किलोचा असतो, पण त्यात झिजणारी वस्तू म्हणजे फक्त बेअरिंग, आणि ती गावातला मिस्त्री बदलू शकतो. आमच्या सपाट, उष्ण, चिखलाच्या मुलखात मी जड हबच्या बाजूचा आहे.

मग सायकल पाहायची. किटच्या मागच्या हबची रुंदी साधारण १३५ मिलिमीटर धरलेली असते. काळ्या रंगाच्या जुन्या रोडस्टरचा मागचा चिमटा त्याहून अरुंद असतो. तो पोलादी असल्याने थोडा पसरवता येतो, पण ते काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. पुढच्या चाकात मोटर बसवणं सोपं असतं, मात्र चिमटा पोलादीच हवा, कारण मोटर चाकाला ढकलते तेव्हा आस उलट दिशेने फिरू पाहतो आणि खाच फाकवतो. त्यासाठी टॉर्क आर्म म्हणतात ती पोलादी पट्टी लावायलाच हवी. किटसोबत नसेल तर लोहाराकडून करून घ्यावी. दांडीच्या ब्रेकच्या सायकलला किटसोबत आलेले, ब्रेक दाबताच मोटर तोडणारे मुठीवरचे स्विच बसत नाहीत, तेव्हा केबलचा ब्रेक लावल्याशिवाय थ्रॉटल जोडू नये.

बॅटरीत लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी थोडी जड आणि महाग असते, पण उष्णता जास्त सोसते. चार्जर त्याच जातीचा लागतो: १० सेलच्या साध्या ३६ व्होल्ट संचाला ४२ व्होल्टचा, तर १२ सेलच्या लोह-फॉस्फेट संचाला ४३.८ व्होल्टचा. अदलाबदल झाली तर बॅटरी कमी भरते किंवा धोका होतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी ३६० वॉट-तास साठवते. किलोमीटरला १० ते १५ वॉट-तास धरले तर २५ ते ३५ किलोमीटर मिळतात. पायडल मारत राहिलं तर जास्त, ओझं असेल तर कमी. कंट्रोलर सीटखाली सावलीत ठेवावा, आणि त्याची तोंडं खाली करून जोड झाकावेत, म्हणजे जुलैचं पाणी आत जात नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारावं: कंट्रोलर सुटा मिळतो का, थ्रॉटल आणि चार्जर सुटे मिळतात का, आणि तारांचे जोड नेहमीच्या मापाचे आहेत की त्या एकाच किटला बसणारे. मग ज्या दुकानात तुम्ही पंक्चर काढता, त्या मिस्त्रीला किट उघडून दाखवा. तो म्हणाला की हे मला कळतं, तर घ्या.