विश्वासाआधी संशय : ख्रिस्ती भूतनिवारण-विधीचा इतिहास

‘भूत’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो अतृप्त मृतात्मा. वासना मागे राहिल्याने पिंपळावर अथवा पडक्या विहिरीवर वस्ती करणारा आणि वेळीअवेळी जाणाऱ्याला झपाटणारा. ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत आले तेव्हा अनुवादकांना हाच शब्द हाताशी सापडला आणि ‘भूतग्रस्त’ हे विशेषण मराठी बायबलात रूढ झाले. मात्र ज्या शक्तीविषयी हे ग्रंथ बोलतात, ती कोणा मृत मनुष्याचा आत्मा नव्हे. ती ईश्वराविरुद्ध बंड करून पतित झालेल्या देवदूतांची जात होय, अशी ख्रिस्ती परंपरेची धारणा आहे. तिची मागणी पुरवून तिला शांत करावयाचे नसते. ईश्वराच्या नावाने तिला निघून जाण्याची आज्ञा करावयाची असते. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा उलगडा होणार नाही.

शुभवर्तमानांत अशा प्रसंगांची वाण नाही. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा आणि आपले नाव ‘सैन्य’ असे सांगणारा मनुष्य मार्काच्या पाचव्या अध्यायात भेटतो. नवव्या अध्यायातील मुलगा तोंडाला फेस येऊन जमिनीवर पडतो, दात खातो. ही लक्षणे वाचून आजच्या कोणाही वैद्याला अपस्मार आठवेल. येशूचे शिष्य त्याला बरे करू शकत नाहीत, तेव्हा प्रार्थनेवाचून हे साधणार नाही असे उत्तर त्यांना मिळते. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात हे कार्य करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमचे धर्माध्यक्ष कॉर्नेलियस यांनी आपल्या धर्मसेवकांची जी मोजदाद एका पत्रात दिली आहे, तीत भूतनिवारक, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२ जण आहेत. द्वारपालाच्या रांगेत बसविलेला हा भूतनिवारक म्हणजे कोणी सिद्धपुरुष नव्हता, तर संस्थेचा एक सेवक होता.

प्रश्न बिकट झाला तो सोळाव्या शतकात. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या कलहात भूतग्रस्तता हे वादविवादाचे शस्त्र बनले. फ्रान्समधील रोमोरांतें गावची मार्थ ब्रॉसिए ही तरुणी १५९८-९९ मध्ये गावोगावी नेली जाई आणि तिच्या तोंडून बोलणारे भूत प्रॉटेस्टंटांना आपले प्रजाजन म्हणत असे. राजा चौथा हेन्री याने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा नाँतचा फर्मान नुकताच काढला होता, त्या वेळची ही गोष्ट. आँजेचे बिशप शार्ल मिरों यांनी तिची परीक्षा घेतली. पवित्र जल म्हणून तिला साधे पाणी दिले आणि साधे पाणी म्हणून पवित्र जल. मग लॅटिन विधीचा ग्रंथ वाचत असल्याचा आव आणून त्यांनी व्हर्जिलच्या ‘ईनीड’ महाकाव्याची पहिली ओळ म्हटली. मार्थला तत्काळ झटके येऊ लागले! पुढे पॅरिसमध्ये वैद्य मारेस्को यांनी तिला तपासून निर्वाळा दिला, की यात बरेचसे सोंग आहे, थोडा आजार आहे आणि भुताचे काहीच नाही. काही वैद्यांचे मत मात्र उलट पडले. अखेर तिला गावी परत पाठवून बापाच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. भूतांवर दृढ श्रद्धा असलेल्या एका बिशपनेच ही चतुर परीक्षा योजावी, यात विसंगती काहीच नाही. खऱ्याची ज्याला चाड, तोच खोट्याची पारख करतो.

हीच दृष्टी १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘रितुआले रोमानुम’ या विधिग्रंथात नियमरूपाने आली. भूतनिवारणाच्या प्रकरणातील आरंभीचीच सूचना अशी, की अमुक मनुष्य झपाटलेला आहे यावर पुरोहिताने सहजी विश्वास ठेवू नये. विषण्णतेने अथवा अन्य रोगाने पीडित माणसापासून त्याला वेगळे ओळखावे. अपरिचित भाषा बोलणे वा समजणे, दूरच्या व गुप्त गोष्टी सांगणे, वय व प्रकृती यांच्या पलीकडचे बळ दाखविणे, ही चिन्हे मानली गेली. विधी गर्दीपासून दूर व्हावा, कुतूहलापोटी प्रश्न विचारू नयेत, पीडित स्त्री असेल तर जवळची प्रतिष्ठित माणसे सोबत असावीत. औषध पुरोहिताने देऊ नये आणि सुचवूही नये. ते काम वैद्याचे. आपण एखाद्या मृताचा आत्मा आहोत असे भूत म्हणू लागले, तर त्याचे खरे मानू नये, असेही तेथे बजावले आहे. मराठी ‘भूत’ शब्दाची अडचण इथेच उलगडते. हा ग्रंथ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. रोम लॅटिनमध्ये नियम बांधत होते त्याच काळात ख्रिस्तकथा मराठी ओवीत उतरत होती.

परंतु ‘रितुआले’ सर्व धर्मप्रांतांवर सक्तीचा नव्हता. आणि नियम असणे व तो पाळला जाणे यांत अंतर असतेच. वीसच वर्षांनी फ्रान्समधील लूदाँ गावात ते अंतर भयंकर रीतीने दिसून आले. १६३२ मध्ये त्या गावात प्लेगचा फेरा होऊन गेला होता. त्यानंतर उर्सुलाइन मठातील जोगिणींना, त्यांच्या मुख्य झान देझांज यांच्यासह, झटके येऊ लागले. आणि त्यांच्या तोंडून गावचा पाद्री उर्बें ग्रांदिए याचे नाव निघू लागले. ग्रांदिए देखणा, बुद्धिमान, उद्धट आणि स्त्रियांच्या बाबतीत बदनाम होता. गावात त्याला शत्रूंची उणीव नव्हती. बोर्दोच्या आर्चबिशपांनी जोगिणींना एकमेकींपासून वेगळे ठेवून वैद्यांकडून तपासण्याची आज्ञा दिली आणि आश्चर्य असे, की प्रकार थंडावला. मात्र १६३३ मध्ये रिशल्यूचा अधिकारी लोबारदमाँ गावाची तटबंदी पाडण्याच्या कामी आला. तो झान देझांज यांचा नातेवाईक. ग्रांदिएने तटबंदी पाडण्यास विरोध केला होता. प्रकरण पुन्हा पेटले.

आता विधी उघड्यावर, लोकांच्या गर्दीसमोर होऊ लागले. दूरदूरहून प्रवासी ते पाहावयास येत. सैतान असत्याचा बाप, हे शुभवर्तमानाचे वचन. पण विधिवत आज्ञा केल्यास भुताला सत्यच सांगावे लागते, असा युक्तिवाद भूतनिवारकांनी काढला आणि भुताची वाणी न्यायालयात साक्ष ठरली. जुलै १६३४ मध्ये खुद्द झान देझांज गळ्यात दोर अडकवून, आपण निरपराध माणसावर आळ घेतला असे म्हणत पश्चात्तापाने उभ्या राहिल्या. ही भुताचीच कपटविद्या, असे सांगून ते बोलणे उडवून लावण्यात आले. आरोप केला तर ते सत्य, आणि मागे घेतला तर ती सैतानाची लबाडी! १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला, यातना देऊनही त्याने कबुली दिली नसताना, जिवंत जाळण्यात आले. भुते मात्र त्याच्यामागून गेली नाहीत. विधी आणखी काही वर्षे चालूच राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस आलेले जेझुइट फादर स्युरें यांनी जमाव टाळून, हळू आवाजात, प्रार्थना व आत्मिक उपदेश यांचा मार्ग धरला. झान देझांज सावरल्या. स्युरें स्वतः मात्र पुढे अनेक वर्षे तीव्र मनोव्यथेने ग्रासले गेले.

इंग्लंडमधील चर्चने याआधीच, १६०४ च्या नियमांत, बिशपच्या परवान्यावाचून कोणाही धर्मोपदेशकाने उपास-प्रार्थनेच्या निमित्ताने भूत काढू नये असे ठरवून टाकले होते. फ्रान्समध्येही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा खटल्यांना उतरती कळा लागली.

तरीही जुना प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा पुढे आला. जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे अपस्माराचे उपचार घेतलेल्या एका विद्यार्थिनीवर, व्युर्झबुर्गच्या बिशपांच्या रीतसर परवानगीने, १९७५ च्या सप्टेंबरपासून ६७ वेळा भूतनिवारणाचा विधी झाला. तिने अन्न टाकले. १ जुलै १९७६ रोजी वयाच्या तेविसाव्या वर्षी तिचा उपासमारीने व शरीरातील पाणी आटल्याने मृत्यू झाला. येथे लूदाँसारखा द्वेष नव्हता, गर्दी नव्हती, राजकारणही नव्हते; आई-वडील व पुरोहित सद्भावनेनेच वागत होते. मात्र वैद्याचे काम वैद्याकडे सोपवावे, ही १६१४ ची सूचना त्या घरात पाळली गेली नाही. १९७८ मध्ये अशाफेनबुर्गच्या न्यायालयाने आई-वडील व दोन पुरोहित यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले आणि सहा महिन्यांची कैद देऊन ती स्थगित ठेवली.

१९८३ च्या धर्मसंहितेने बिशपची स्पष्ट अनुमती आणि पुरोहिताच्या ठायी धर्मनिष्ठा, ज्ञान, विवेक व सचोटी या अटी कायम केल्या. १९९९ च्या जानेवारीत व्हॅटिकनने सुधारित विधी प्रसिद्ध केला. सहजी विश्वास न ठेवण्याची सूचना त्यातही आहे. शिवाय गरजेनुसार वैद्यक व मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा, अशी जोड तिला मिळाली. अनेक भूतनिवारकांना हा नवा विधी पचनी पडला नाही. त्यांच्यासाठी बिशपने रोमकडे विनंती केल्यास १६१४ चा जुना लॅटिन विधी वापरण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली.