हलक्या मूलद्रव्यांचा जन्म आणि कल्याणच्या तबकड्या

ठाणें व कल्याण यांच्या अंगणांतून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या पाण्याचा एक थेंब घ्यावा. त्यांतील ऑक्सिजन ताऱ्यांच्या उदरांत तयार झाला. परंतु त्याच थेंबांतील हायड्रोजन सर्व ताऱ्यांहून वडील आहे. त्या हायड्रोजनांतही कांहीं हजार अणूंमागें एक अणु दुप्पट वजनाचा असतो. त्यास ड्यूटेरियम किंवा जड हायड्रोजन म्हणतात. तारे हें ड्यूटेरियम जाळून टाकतात, सांठवीत नाहींत. मग तें आलें कोठून? या साध्या प्रश्नाच्या पोटांत, विश्वाला आरंभ होता कीं नव्हता, हा थोर वाद दडलेला आहे; आणि त्या वादाच्या इतिहासांत कल्याणाचेंही एक पान आहे.

१९४८ सालीं जॉर्ज गॅमॉव्ह व त्यांचे शिष्य राल्फ अल्फर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सर्व मूलद्रव्यें विश्वाच्या अतितप्त प्रारंभीं घडलीं. त्याच वर्षीं केंब्रिज येथील फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनीं उलट पक्ष मांडला: विश्व अनादि व अनंत आहे, तें प्रसरण पावतें, पण नवें द्रव्य निर्माण होत राहून त्याची घनता कायम राहते. प्रतिपक्षाच्या मतास ‘बिग बँग’ म्हणजे ‘महास्फोट’ हें नांव हॉइल यांनींच २८ मार्च १९४९ रोजीं बी.बी.सी.वरील एका नभोवाणी-भाषणांत दिलें. विरोधकानें ठेवलेलें नांवच पुढें रूढ झालें!

मूलद्रव्यांपुरतें पाहतां दोन्ही पक्षांच्या पदरांत कांहीं सत्य पडलें. कार्बनापासून युरेनियमपर्यंतचीं जड द्रव्यें ताऱ्यांत कशीं घडतात, हें हॉइल, फाउलर व बर्बिज दांपत्य यांनीं १९५७ सालीं दाखविलें. परंतु हेलियमचा हिशेब लागेना. विश्वांतील साध्या द्रव्याच्या वजनापैकीं सुमारें चतुर्थांश हेलियम आहे. ताऱ्यांनीं आजवर जाळलेल्या इंधनांतून इतका सांठा होणें शक्य नाहीं. ही अडचण १९६४ सालीं स्वतः हॉइल व रॉजर टेलर यांनींच पुढें आणली.

तप्त प्रारंभ मानल्यास गणित सरळ सुटतें. पहिल्या कांहीं मिनिटांत तापमान १०० कोटि अंशांच्या खालीं उतरलें, तेव्हां ७ प्रोटॉनांमागें १ न्यूट्रॉन उरला होता; म्हणजे १६ कणांत २ न्यूट्रॉन व १४ प्रोटॉन. २ न्यूट्रॉन व २ प्रोटॉन मिळून हेलियमचा एक गर्भ झाला. १६ पैकीं ४, म्हणजे बरोबर चतुर्थांश! उरलेले १२ प्रोटॉन हायड्रोजनच राहिले. ५ किंवा ८ कणांचा गर्भ टिकत नसल्यामुळें पुढची वाट खुंटली. विश्व निवत गेलें, आणि थोडें ड्यूटेरियम व अत्यल्प लिथियम मागें ठेवून ती चूल विझली. बेरिलियम व बोरॉन हीं धाकटीं भावंडें. विश्वकिरणांच्या आघातानें कार्बन व ऑक्सिजन यांचे गर्भ फुटून तीं पुढें जन्मलीं.

या वादांत रेडिओ-लहरींची साक्ष मोलाची ठरली. १९६५ सालीं अमेरिकेंत पेंझियस व विल्सन यांस सर्व दिशांनीं येणारें मंद प्रारण सांपडलें. त्या प्राचीन उष्णतेचा तो अवशेष होय, असें बहुतेकांनीं मानलें. त्याच वर्षीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांनीं कल्याण येथें ऑस्ट्रेलियांतून आलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या उभारल्या. २४ पूर्व-पश्चिम व ८ दक्षिणोत्तर अशी त्यांची मांडणी होती, आणि त्यांचें लक्ष्य होतें सूर्य. कल्याणास मिळालेला अनुभव पदरीं घेऊन स्वरूप यांनीं १९७० सालीं उटकमंड येथें ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी केली. तिच्या वेधांवरून स्वरूप व विजय कपाही यांनीं १९७५ सालीं दाखविलें कीं, दूरचे रेडिओ-उगम जवळच्यांहून भिन्न आहेत. म्हणजे विश्व काळानुसार पालटत आलें आहे.

विशेष हें कीं, विरुद्ध पक्षाचे धुरीणही त्याच संस्थेंत होते. कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेले जयंत नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य. ते १९७२ सालीं टाटा संस्थेंत आले. पुढें पुण्यांत त्यांची ‘आयुका’ व स्वरूप यांचें रेडिओ खगोलभौतिकी केंद्र एकाच विद्यापीठाच्या आवारांत शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं. १९९३ सालीं हॉइल व बर्बिज यांच्यासह नारळीकरांनीं सुधारित सिद्धान्त मांडला. त्यांत द्रव्याची निर्मिति एकदांच न होतां वारंवार होते, असें होतें. बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं तो स्वीकारला नाहीं. तरी २० मे २०२५ रोजीं झालेल्या निधनापूर्वीं अनेक दशकें त्यांनीं प्रस्थापित मतास पुरावा मागण्याचें व्रत सोडलें नाहीं.

पुरावा ड्यूटेरियमनें दिला. त्याची रेडिओ-खूण ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपास उमटते, आणि उटकमंडची दुर्बीण नेमकी त्याच पट्ट्यांत ऐकते. आकाशगंगेच्या केंद्राकडे तिनें ती खूण शोधली, परंतु हातीं केवळ एक कमाल मर्यादा आली. २००७ सालीं अमेरिकेंतील हेस्टॅक वेधशाळेस ती खूण सांपडली. अतिदूरच्या क्वासरांच्या प्रकाशांतून मोजलेलें प्रमाण, १ लक्ष हायड्रोजन-अणूंमागें सुमारें अडीच, तप्त प्रारंभाच्या गणिताशीं जुळतें.

हायड्रोजनाची पुढील कथा नारायणगांवाजवळच्या खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनीं सांगितली. त्यांच्या साहाय्यानें २०२० सालीं ७,६५३ दीर्घिकांतील, सुमारें ८०० कोटि वर्षांपूर्वींचा हायड्रोजन मोजण्यांत आला. तेव्हां वायु विपुल होता, परंतु तारे घडण्याचा वेग पाहतां तो १०० ते २०० कोटि वर्षेंच पुरण्याजोगा होता. ताऱ्यांची निर्मिति पुढें कां मंदावली, याचें उत्तर त्यांत मिळालें.

एक हिशेब अद्याप चुकतो. जुन्या ताऱ्यांत लिथियम गणितानें सांगितलेल्या प्रमाणाच्या जेमतेम तृतीयांश सांपडतें. हायड्रोजन, ड्यूटेरियम व हेलियम यांची साक्ष एकमेकींशीं जुळते, लिथियमची जुळत नाहीं. आणि ती जुळेपर्यंत या खटल्याचे कागद बांधून ठेवतां यावयाचे नाहींत.