शिवी आणि आंकडा

ज्यांच्या रक्तावर राज्यें उभीं राहतात त्या शिपायांविषयीं राज्यकर्ते खासगींत काय बोलतात, हें इतिहासाच्या वाचकानें पाहून ठेवावें. जाहीर सभेंतील ‘वीर’ या संबोधनापेक्षां त्या बोलण्यांत पुष्कळदां अधिक सत्य सांपडतें.

इ. स. १८१३ मधील थोडेच दिवस घेऊं. असईच्या लढाईमुळें (१८०३) आपणांस परिचित असलेल्या वेलिंग्टननें २१ जून रोजीं स्पेनमधील व्हितोरिया येथें फ्रेंचांचा मोड केला. पण जय मिळतांच त्याचे शिपाई पाठलाग सोडून लुटींत गढून गेले. त्या संतापांत २ जुलै रोजीं मंत्री लॉर्ड बॅथर्स्ट यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपल्याच शिपायांस जगांतील गाळ ठरविलें. मधल्या काळांत, २६ जून रोजीं, ड्रेस्डेन येथें नेपोलियन व ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निक यांची भेट झाली. आदल्याच वर्षीं रशियाच्या स्वारींत नेपोलियनची प्रचंड सेना नष्ट झाली होती. तरीहि, आपल्यासारख्या पुरुषास दहा लाख माणसांच्या प्राणांची फारशी पर्वा नसते, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढल्याचें मेटर्निक आपल्या आठवणींत नमूद करतो. मेटर्निक हा प्रतिपक्षाचा साक्षीदार. तेव्हां शब्दांत फेरफार झालाहि असेल. परंतु नेपोलियनच्या मोहिमांचा हिशेब त्या साक्षीस खोटें पाडीत नाहीं.

यांतलें अधिक निष्ठुर बोलणें कोणतें? सकृद्दर्शनीं वेलिंग्टनचें वाटेल, आणि त्याचा खानदानी तिरस्कार क्षम्य आहे असेंहि नव्हे. पण शिवीला समोर माणूस लागतो. रागावणाऱ्याची त्या माणसाकडून कांहीं अपेक्षा असते. म्हणूनच १८३१ सालीं तोच अपशब्द पुन्हां उच्चारतांना, अशा लोकांतून इतके उमदे गडी तयार झाले याचें नवल वाटतें, अशी पुस्ती वेलिंग्टननें जोडली. आंकड्याला माणूस लागत नाहीं. दहा लाखांवर कोणी रागावत नाहीं, आणि त्यांचें कोणास नवलहि वाटत नाहीं.

पहिल्या महायुद्धांत शिवी मागें पडली व आंकडा राजमान्य झाला. मेलेल्या, घायाळ व आजारी शिपायांमुळें होणाऱ्या तुटीस ब्रिटिश लष्करी दप्तरांत ‘वेस्टेज’ म्हणत. मालाची झीज किंवा नासधूस दाखविणारा हा शब्द. डिसेंबर १९१७ मध्यें मंत्रिमंडळानें ‘मनुष्यबळा’च्या प्रश्नासाठीं एक समितीच नेमली. शब्द सभ्य होते, आवाज संथ होता. माणूस मात्र त्यांतून निघून गेला होता.

ही भाषा अखेर दगडांत कशी उतरते, हें आपल्याच लोकांच्या उदाहरणावरून दिसतें. मेसोपोटेमियांत कुत-अल-अमारा येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेली सेना म्हणजे सहावी पुणें डिव्हिजन. तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेंत मेलेल्या, पण ज्यांच्या कबरींचा ठावठिकाणा नाहीं, अशांसाठीं १९२९ सालीं बसरा येथें स्मारक उभारलें गेलें. ब्रिटिश सैन्यांतील साध्या शिपायाचेंहि नांव त्यावर कोरलें गेलें. हिंदी सैन्यापैकीं मात्र अधिकाऱ्यांचीं तेवढीं नांवें; उरलेल्या ३३,००० हून अधिक लोकांबद्दल पलटणीगणिक नुसती संख्या. एप्रिल २०२१ मध्यें राष्ट्रकुल युद्धसमाधि-मंडळाच्या अहवालानें स्मरणांतील ही विषमता मान्य केली, आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली.

ती क्षमा एकशें पांच वर्षांनीं आली. ज्या घरांनीं त्या शिपायांची वाट पाहिली, त्यांतलें कोणी ती ऐकावयास उरलें नव्हतें. शिवी तोंडीं परत घेतां येते. दगडावरील आंकड्यांतून एकेक नांव हुडकून काढावें लागतें.