आई : आठ दशांश

आमच्या घरात दोन गोष्टी तोंडपाठ होत्या. एक अथर्वशीर्ष आणि दुसरी आण्णांची वेतनश्रेणी. अथर्वशीर्षात आण्णा क्वचित अडखळत; वेतनश्रेणीत कधीच नाही. "११०-३-१३१-४-१५५-ई.बी.-४-१७५-५-१८०!" एका दमात म्हणत. आजीला तो कुठला तरी मंत्रच वाटे. ती जप थांबवून हात जोडी.

मंत्राचा अर्थ सोपा होता. १९५९ सालापासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ कारकुनाने ११० रुपयांच्या पायरीवरून चढायला लागायचं. सात वर्षं दरसाल तीन रुपये, मग दरसाल चार, आणि शेवटी एकदाच पाच. असं करत एकोणीस वर्षांनी १८० वर पोचायचं. एकोणीस वर्षांत सत्तर रुपये! मुंगीसुद्धा एवढ्या वेळात पर्वती चढून, उतरून, पुन्हा चढली असती. शिवाय मध्ये १५५ वर तो ई.बी., म्हणजे एफिशियन्सी बार. हे रेल्वेचं फाटक. तुमची कार्यक्षमता वरच्यांना पटली तर फाटक उघडायचं, नाहीतर थांबा तिथेच.

आण्णा १९६२ साली त्या फाटकाशी पोचले आणि दोन वर्षं उभे राहिले. गोपनीय अहवालात साहेबांनी शेरा मारला होता : 'काम बरे.' त्या कचेरीत 'बरे' म्हणजे बरं नव्हे, एवढं आम्हा पोरांनाही कळलं.

पगार म्हणजे कामाची किंमत, अशी माझी लहानपणची समजूत होती. पुढे मी स्वतः एका कचेरीच्या बिल सेक्शनला चिकटलो आणि तिथेच पिकलो. तेवढ्या काळात इतरांचे पगार मोजता मोजता एक गोष्ट ध्यानात आली. तळच्या माणसाचा पगार ठरवताना काम मोजण्याच्या भानगडीत कोणी पडतच नाही. मोजतात ते पोट. तेही अंदाजानेच.

हा अंदाज बांधायला पहिला वेतन आयोग १९४६ साली नेमला गेला. अध्यक्ष न्या. वरदाचारियार. पुढच्या वर्षी अहवाल आला : कमीत कमी पगार महिना ५५ रुपये. त्यात मूळ वेतन ३० आणि महागाई भत्ता २५. म्हणजे मूर्ती तीस रुपयांची आणि मखर पंचवीसचं. तेव्हापासून सरकारी नोकर मूर्तीपेक्षा मखराकडेच डोळे लावून बसायला शिकला.

मग १९५७ साल उजाडलं. दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. मालक, कामगार आणि सरकार एकत्र बसले आणि माणसाला जगायला किती लागतं याचा चक्क तक्ता केला. आहाराचा भाग डॉ. ॲक्रॉइड यांच्या हिशेबाने. हे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे एके काळचे संचालक. प्रौढ माणसाला रोज २,७०० कॅलरी. कापड माणशी वर्षाला १८ वार, चौघांच्या कुटुंबाला ७२. वर घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चापोटी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा.

अठरा वार! आण्णांनी हे पेपरात वाचून दाखवलं तेव्हा आईने लगेच हिशेब केला. "म्हणजे दोन नऊवारी लुगडी. एक अंगावर, एक वळणीवर. अन् चोळी काय तुमचं सरकार शिवणार?" परिषदेत एकही नऊवारी नेसणारी बसलेली नसावी, असा माझा तेव्हापासूनचा संशय आहे.

तरी तक्ता झाला ही मोठीच गोष्ट होती. पण त्याच साली नेमलेल्या दुसऱ्या वेतन आयोगाने तो काही मानला नाही. न्या. जगन्नाथ दास यांच्या या आयोगाने १९५९ साली किमान वेतन ठरवलं ८० रुपये. १९६० च्या जुलैत केंद्राच्या नोकरांनी संप केला. सरकारने वटहुकूम काढला, पाच दिवसांत संप मिटला. त्या पाच दिवसांत आण्णांनी घरातले सगळे स्क्रू पिळले आणि पंख्याचा एक जास्तच पिळल्यामुळे उन्हाळाभर पंखा बंद राहिला.

पुढे आयोगांमागून आयोग आले. तिसऱ्याने १९७३ मध्ये १८५ सुचवले, सरकारने १९६ दिले. चौथ्यानंतर ७५०, पाचव्यानंतर २,५५०, सहाव्यानंतर ७,०००. आमच्या महाराष्ट्रातही १९७७-७८ साली राज्य सरकारी नोकर केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी ५४ दिवस संपावर होते. मूर्ती जागच्या जागी, लढाई मखराची!

सातव्या आयोगाचा अहवाल २०१५ च्या नोव्हेंबरात आला. मी तोवर पेन्शनर झालो होतो, आणि पेन्शनर जितक्या भक्तिभावाने वेतन आयोग वाचतो तितक्या भक्तिभावाने ज्ञानेश्वरीही वाचत नाही. या आयोगाने १९५७ चा तोच जुना तक्ता काढून, झटकून, त्यावर १८,००० रुपये उभे केले. धान्य, डाळ, दूध, अगदी साखर किती ग्रॅम तेही लिहिलं होतं. मला भरून आलं. आण्णा असते तर पाठ केलं असतं.

आणि तिथेच एका ओळीपाशी मी अडकलो. कुटुंब चौघांचं, पण तोंडं तीन धरायची. कशी? नवरा एक. मुलं प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. आणि बायको : शून्य पूर्णांक आठ.

मी बिल सेक्शनचा माणूस. लगेच पाटी घेऊन आमच्या घराची बेरीज केली. आण्णा एक. मी आणि धाकटा, आम्हाला कोणी सहा दशांशाचं सांगितलं नव्हतं. आम्ही पूर्णांकात जेवत होतो. एक अधिक एक अधिक एक. झाले तीन! आजी तर तक्त्यात नव्हतीच, म्हातारी माणसं त्यात बसतच नाहीत. पण ती पाटावर बसत होती. तिचंही कुठून तरी भागत होतं.

मग आईच्या आठ दशांशाचं काय झालं?

आण्णा फाटकाशी उभे होते त्या दोन वर्षांत आई सगळ्यांच्या मागून जेवायची. "मला आज भूक नाही," म्हणायची, आणि ताक पिऊन भांडी घासायला बसायची. आईला भूक कमीच लागते, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो. सातही आयोगांपैकी कुणी तिला विचारलं नाही. पण मी तर समोरच्या पाटावर होतो.

२०२५ साली आठवा आयोग नेमला गेला. अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई. आधीचे सातही अध्यक्ष पुरुष होते. बाईंकडे संघटनांची निवेदनं गठ्ठ्यांनी जातील, त्यात माझं एक पोस्टकार्ड : बाई, आकडा काय तो तुम्ही ठरवा, पण त्या आठ दशांशाचा एक करा.

मागली थकबाकी मात्र काढू नका. सही करून घ्यायला आई आता नाही.