भाऊसाहेब निंबाळकर : ४४३च्या पलीकडे

भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव निघाले की पुण्यातील जुने क्रिकेटरसिक एकच कथा सांगतात. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान, रणजी सामना. काठेवाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. त्यांत निंबाळकर नाबाद ४४३. भांडारकरांबरोबरची त्यांची दुसऱ्या गड्याची भागीदारी ४५५ धावांची होती. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर आलेला असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी मध्यंतरातच सामना सोडून दिला. प्रतिपक्ष खेळायलाच तयार नाही, म्हटल्यावर फलंदाजाने करावे तरी काय?

कथा रंगतदार आहे, पण तिने एक अख्खी कारकीर्द गिळली, असे आम्हांस वाटते. हुकलेल्या नऊ धावांविषयी हळहळणाऱ्यांना हुकलेल्या कसोटीचा विसर पडतो. खरी हानी तीच.

तारखा पाहाव्यात. त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली, पुण्यातील हा सामना १६ला सुरू झाला आणि तिसरी कसोटी ३१ला कलकत्त्यास होती. निंबाळकरांना बोलावणे आले नाही. पुढेही अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्यास आलीच नाही. काठेवाडची गोलंदाजी दुबळी होती, हे मान्यच केले पाहिजे. हजारे आणि रुसी मोदी त्या मालिकेत धावांच्या राशी ओतत होते, त्यामुळे जागा रिकामी नव्हती, हेही खरे. मात्र हा युक्तिवाद एका मालिकेपुरता पुरतो, पंचवीस वर्षांना नाही.

कारण १९३९-४० ते १९६४-६५ इतका काळ हा गृहस्थ बडोदा, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा संघांकडून खेळत राहिला. प्रथम श्रेणीत ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, बारा शतके. रणजीतील सरासरी तर छप्पनच्या वर. शिवाय मध्यमगती गोलंदाजीवर अर्धशतकाहून अधिक बळी, आणि गरज पडली तर यष्टिरक्षणही. पुढे हनीफ महंमद आणि लारा यांनी ब्रॅडमनला मागे टाकले, तरी प्रथम श्रेणीत चारशेचा टप्पा ओलांडणारे भारतीय अद्याप निंबाळकर एकटेच.

११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरास त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षे पूर्ण झाली असती.